पंपमामाकडे ठेवायला दिलेलं ऑर्किड

विहिरीच्या कठड्यावर पोटावर पडून पंपमामा पाइपाला कान लावायचा, तेव्हा भोवतीची माणसं आपोआप गप्प व्हायची. मोटर घुमत असायची, पाइप थरथरत असायचा, आणि हा माणूस डोळे मिटून ऐकत राहायचा. मग उठून कपड्यांवरची धूळ झटकायचा आणि म्हणायचा, "हवा खातेय." किंवा, "बेअरिंग रडतंय." किंवा नुसतंच, "दमलीय बिचारी." मोटरीला तो नेहमी बिचारी म्हणायचा. माणसाला कधी म्हणाल्याचं कुणी ऐकलं नाही.

त्याचं खरं नाव घरच्यांनासुद्धा आठवून सांगावं लागे. त्याच्याहून मोठी माणसंही त्याला पंपमामाच म्हणत. अंगानं काटकुळा, बोटं मात्र जाड आणि काळी, साबणानं कितीही घासली तरी तेलाची रेघ नखांतून न जाणारी. त्यानं आयुष्यभर एकच काम केलं. पाणी खाली होतं, ते वर आणलं. जिथं जिथं त्यानं पाणी पोचवलं, तिथं तिथं त्याच्या पाठीमागं हिरवं उगवत गेलं. बाजरी उगवली, ऊस उगवला, फळबागा उभ्या राहिल्या. असं ज्याच्या डोळ्यांदेखत जन्मभर घडलं, त्या माणसाकडे जगातल्या प्रत्येक सुकणाऱ्या गोष्टीवर एकच औषध असणार. त्यात त्याचा दोष तो काय?

स्वतःच्या घरात मात्र एक हिरवं पान नव्हतं. घर म्हणजे रस्त्याच्या कडेला दुकान आणि दुकानामागं दोन खोल्या. एका खोलीत तो झोपायचा, दुसरीत मोटरी झोपायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी का म्हणून विचारलं तर सांगायचा, "विचारायला निघालो होतो, तेवढ्यात एकाची मोटर जळाली."

त्याला सख्खं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं, आणि पळून आला की कान धरून परत नेऊन बसवलं. पुढं ती लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. शिवणकाम करून तिनं संसार केला, मुलीला शिकवलं, आणि नवरा गेल्यावर त्याच घरात एकटी राहिली. उतारवयात तिला डोळ्यांनी दगा दिला. पार आंधळी नाही झाली. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग दिसायचा, कडेचं तेवढं स्वच्छ. म्हणून बोलताना ती तोंड जरा बाजूला फिरवून बसायची. अनोळखी माणसाला वाटे, बाई रागावल्या. पंपमामाला ठाऊक होतं, ताई तोंड फिरवते तेव्हाच ती नीट बघत असते.

डोळे अंधुक होऊ लागले त्याच दिवसांत तिनं ते ऑर्किड घरी आणलं. तळहाताएवढ्या पांढऱ्या फुलांचं. खिडकीत ठेवलं की तो पांढरा घोळका तिच्या डोळ्याच्या कडेला उजळायचा, आणि एकदा फुललं की महिनोन्‌महिने उतरायचं नाही. ती म्हणायची, "बाकीची फुलं मला शोधावी लागतात. हे मला शोधतं."

दूरच्या शहरात राहणारी भाची एक दिवस आईला न्यायला आली. डोळ्यांवर तिकडे उपचार होणार होते. नजर परत येणार नव्हती, पण होती तेवढी राखता आली असती. तिघं ताईच्या खोलीत बसली होती, सामान बांधून झालं होतं.

"उपचार झाले की आई माझ्याकडेच राहील," भाचीनं सांगून टाकलं.

"मला विचारलंस?" ताई म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? एकटी राहणार आहेस का अशा डोळ्यांनी?"

"एकटी कशाला? धाकट्याकडे राहीन. त्याच्याकडे दोन खोल्या आहेत. इथल्या गल्ल्या माझ्या पायाला पाठ आहेत."

धाकटा म्हणजे पंपमामा. "राहा की," तो म्हणाला. त्याला पुढंही बरंच म्हणायचं होतं. ताई आपल्याकडे राहायला येणार, याहून मोठं त्याच्या आयुष्यात काही उरलं नव्हतं. पण त्याच्या तोंडातून एवढंच बाहेर पडलं.

भाचीला हसू आलं. "मामाकडे? आई, मामानं आजवर जिवंत असं काय सांभाळलंय? कुत्रं आणलं होतं, ते शेजारच्या वेल्डरकडे राहायला गेलं."

"त्याला ठिणग्या आवडायच्या," पंपमामा म्हणाला.

"एक झाड तरी टिकलंय का रे तुझ्या हातात?"

भाची मनानं वाईट नव्हती. आईची काळजी होती, ती अशी थट्टेतून बाहेर आली. पण ताईनं ते वाक्य नेमकं पकडलं. ती खिडकीकडून तोंड फिरवून, म्हणजे नीट खिडकीकडेच बघत, म्हणाली, "मग हे झाड त्याच्याकडे ठेवू. मी येईपर्यंत त्यानं सांभाळलं, तर मी त्याच्याकडे राहीन. नाही सांभाळलं, तर तुझ्याकडे येईन आणि पुन्हा तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"ठरलं?" भाची म्हणाली.

"ठरलं."

निघताना ताईनं कुंडी त्याच्या हातात दिली. "आठवड्यातून एकदा पाणी. उजेड हवा, ऊन अंगावर नको. बाकी काही करू नकोस, धाकट्या."

पंपमामानं झाड छातीशी धरून घरी आणलं. रस्त्यात कुणाशी बोलला नाही. दुकानात आल्यावर त्यानं कुंडीत नीट वाकून बघितलं आणि चरकला. आत मातीच नव्हती! झाडाच्या सालीचे सुके तुकडे भरलेले, आणि त्यांत मुळं कशीबशी बोटं रोवून बसलेली. त्याला ताईची कीव आली. डोळ्यांना दिसत नाही म्हणून बिचाऱ्या ताईला कुणीतरी लाकडाचा कचरा भरून दिला, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि आठवड्यातून एकदा पाणी? ताईला जन्मभर कमी मागायची सवय. झाडासाठीही ती कमीच मागणार.

नुकताच त्यानं एका जुन्या विहिरीचा गाळ उपसला होता. काळाभोर, लोण्यासारखा मऊ. शेतकरी तो गाळ गाड्या भरभरून नेत. त्यावर काठी रोवली तरी पालवी फुटेल, असा तो गाळ. त्यानं टोपलीभर आणला. कुंडी म्हणून जुन्या पंपाचं बिडाचं खोकं काढलं, घासूनपुसून त्याला निळा रंग दिला. खोक्याच्या बुडाला भोक होतं. जन्मभर गळतीशी भांडलेल्या माणसाला ते भोक कसं सहन व्हावं? त्यानं शेजारच्या वेल्डरकडून ते बुजवून घेतलं.

"काय मामा, झाड लावतोस का टाकी बांधतोस?" वेल्डर म्हणाला.

"तू तुझी ठिणगी बघ."

सालीचे तुकडे झटकून त्यानं झाड गाळात बसवलं, चांगलं दाबून. वरून तांब्याभर पाणी घातलं. दुकानाच्या खिडकीत ते निळं खोकं आणि त्यावरची पांढरी फुलं अशी काही शोभली, की येणारा-जाणारा थांबून बघायचा. आठवड्याला ताईचा फोन यायचा. "कसं आहे?" "झकास," पंपमामा म्हणायचा. तेव्हा ते खरंही होतं. किंवा त्याला खरं वाटत होतं.

मग एकेक फूल उतरू लागलं. फुलांचं ते असतंच, त्यानं मनाला समजावलं. पण पाठोपाठ पानं सैलावली. आधी ती चामड्याच्या वॉशरसारखी जाड, ताठ होती. आता त्यांना सुरकुत्या पडल्या, कडा आत वळल्या, हाताला ती मऊ लागू लागली. सुरकुतलेलं पान म्हणजे तहानलेलं पान, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पंपमामानं रोज पाणी घालायला सुरुवात केली. पानं आणखी लोळली. मग तो सकाळ-संध्याकाळ घालू लागला.

वेल्डर बघत होता. "मामा, ते झाड आहे का म्हैस? सारखं डबक्यात बसवतोस."

"पानं बघ की. तहानलंय."

"मला तर ते बुडाल्यासारखं वाटतंय."

"पाण्यातलं तू मला शिकवू नको."

खालचं पान पिवळं पडलं आणि एके सकाळी भिजलेल्या कागदासारखं हातात आलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक. त्या दिवशी ताईचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "आहे."

"आज झकास नाही म्हणालास."

"तेच ते."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पाना-पक्कडींची जुळवाजुळव करत बसला. ताईशी तो आयुष्यात खोटं बोलला नव्हता, शाळेची गोष्ट सोडून.

त्यानंतर एका बागवाल्याचं बोलावणं आलं. विहीर तुडुंब, मोटर फिरतेय, आणि नळीतून थेंब नाही. बागवाला रडकुंडीला आला होता. पंपमामानं कान लावला, ऐकलं, आणि खालचा पाइप वर ओढून घेतला. पाइपाच्या तळाला जाळीचं तोंड असतं, फूटव्हॉल्व्ह म्हणतात त्याला, पाणी आत शिरतं ते तिथून. ते तोंड गाळानं पार लिंपून गेलं होतं.

"पाणी भरपूर आहे हो तुमच्याकडे," पंपमामा बागवाल्याला म्हणाला, जसं आजवर अनेकांना म्हणाला होता. "पण गाळानं तोंड दाबलंय. पाण्यात बसून तहानलीय बिचारी."

आणि बोलता बोलता तो थांबला. जाळी हातात, गाळ बोटांतून ओघळतोय, आणि तो स्वतःचंच वाक्य कुणीतरी दुसऱ्यानं म्हटल्यासारखा ऐकत उभा.

"काय झालं, मामा?" बागवाल्यानं विचारलं.

"काही नाही. घरी एक पंप बंद पडलाय."

पण हातातलं काम टाकून पळणारा तो माणूस नव्हे. त्यानं जाळी घासून लख्ख केली, पाइप पाण्याच्या तळापासून जरा वर टांगला, पाणी सुरू होऊन पाटाला लागलेलं बघितलं, आणि मगच घराची वाट धरली. मात्र त्या दिवशी तो चालला नाही, जवळजवळ धावलाच.

दुकानात येऊन त्यानं खोकं आडवं केलं आणि झाड हलकेच बाहेर काढलं. कोंदट, जुन्या विहिरीसारखा वास आला. मुळं काळी पडली होती. बोटांत धरलं की साल निसटून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. नळाच्या बारीक धारेखाली तो गाळ धूत राहिला, लहान मुलाचे केस धुवावेत तसा. सगळं धुतल्यावर दिसलं, थोडीशीच मुळं अजून टणक होती. त्यानं झाड कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि थेट रोपवाटिकेत गेला.

रोपवाटिका चालवणारी बाई उंच, दणकट, बोलायला फटकळ. सगळे तिला रोपवाली म्हणत. तिनं फडकं उलगडलं आणि भुवया वर केल्या.

"कुणी बुडवलं हे?"

"मी."

"कशात?"

"गाळात. विहिरीच्या. उत्तम गाळ होता, बाई."

"असेल. केळीला घातला असता तर केळीनं तुमचे उपकार मानले असते. हे मातीतलं झाड नाही, मामा. हे रानात मोठ्या झाडाच्या अंगाखांद्यावर बसतं. मुळं हवेत मोकळी लोंबतात. पाऊस आला की पितात, वारा आला की सुकतात. पिणंही हवं आणि सुकणंही हवं."

"म्हणजे त्या मोठ्या झाडाचा रस शोषतं?"

"छे. नुसतं बसतं. लहान मूल मोठ्या माणसाच्या खांद्यावर बसतं ना, तसं. कुणाचं काही घेत नाही."

पंपमामानं फडक्यातल्या झाडाकडे बघितलं. तोही कुणाच्या तरी खांद्यावर बसूनच मोठा झाला होता.

रोपवालीनं पातं ज्योतीवर धरून तापवलं, निवू दिलं, आणि कुजलेली मुळं एकेक करून कापली. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली, म्हणजे कूज पुढं सरकत नाही. फुलांचा रिकामा दांडाही तिनं छाटला. पंपमामा कळवळला.

"तो कशाला? पुन्हा फुललं असतं."

"घर गळत असताना भिंतीला रंग देता का? ताकद आधी मुळांना लागू दे."

झाड सावलीत सुकत ठेवून तिनं नवी कुंडी काढली. आरपार दिसणारी, आणि चाळणीसारखी भोकं पाडलेली. त्यात सालीचे तुकडे आणि थोडा कोळसा.

"एवढी भोकं?" पंपमामा पुटपुटला. "आयुष्यभर मी भोकं बुजवली, बाई."

"इथं गळायलाच हवं. पाणी घाला ते भरपूर घाला, आणि सगळं खाली निथळू द्या. पानांच्या बेचक्यात थेंब राहता कामा नये, राहिला तर टिपून घ्या. आणि पुन्हा कधी घालायचं ते मुळांना विचारा. हे बघा, ओली असली की हिरवी दिसतात, सुकली की चंदेरी. चंदेरी झाली की पाणी. हिरवी आहेत तोवर हात खिशात."

पंपमामाचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "म्हणजे टाकीला काचेची नळी असते तसं. आत किती आहे ते बाहेरून दिसतं."

"तसंच समजा."

पंपमामानं ताईच्या डोळ्यांचं आणि पैजेचं सांगितलं. "वाचेल?"

"पानं दोन राहिलीत, मुळं थोडी. वाचलं तर सावकाश वाचेल. आणि तुमच्या हातांनी त्याला वाचू दिलं तर." मग तिनं मांडणीवरचं एक झाड पुढं सरकवलं. तशीच पांढरी, तळहाताएवढी फुलं. "नाहीतर हे घेऊन जा. त्याचंच भावंड. तुमच्या ताईंना दिसत नाही म्हणता, कळणारही नाही. त्यांचा जीव शांत, तुमचाही."

पंपमामा त्या फुलांकडे बघत राहिला. ती नेली तर ताई येणार होती. दोन पानांचं हे लक्तर दाखवलं तर भाची हसणार आणि ताई कायमची जाणार. एवढं सरळ होतं ते. त्याचा हात कुंडीपर्यंत गेलासुद्धा.

"नको," तो म्हणाला. "दुरुस्तीला आलेली मोटर ठेवून घेतली आणि दुसरीच परत दिली, असं मी कधी केलं नाही. आणि बाई, ताईला दिसत नाही असं नाही. कडेनं तिला सगळं दिसतं."

घरी आल्यावर प्रश्न आला, ठेवायचं कुठं? दुकानात धूळ आणि ऊन. त्याच्या खोलीत अंधार. उरली मोटरींची खोली. तिला पूर्वेची खिडकी होती, पण तिच्यापुढं मोटरी छताला लागल्या होत्या. पंपमामानं त्या एकेक करून बाहेर काढल्या. वर्षानुवर्षांनी त्या खोलीची फरशी दिसली. खिडकीला त्यानं पातळ कापड लावलं, त्यातून सकाळचं ऊन गाळून येऊ लागलं, दुधासारखं. ताटलीत खडे पसरून त्यांत थोडं पाणी ठेवलं आणि खड्यांवर कुंडी. पाण्याची वाफ लागावी, पाणी मात्र लागू नये.

आणि मग काहीच होईना.

दिवस जात, पानं तशीच सुरकुतलेली. पाणी घातलं की मुळं हिरवी होत, सुकली की चंदेरी. बस्स. मोटर बिघडली तर खोलून बघता येते. नट फिरवावा, झाकण काढावं, आत काय आहे ते समोर. इथं नट नव्हता. त्याची बोटं शिवशिवायची. एका सकाळी त्याला राहवलं नाही. आत कूज पुन्हा लागली नसेल ना, एवढंच बघू म्हणून त्यानं झाड बुडाशी धरून जरासं वर उचललं. बोटाला अगदी बारीक काहीतरी मोडल्याचं कळलं. काडीच्या टोकाएवढं, हिरवं, ओलसर. नुकतंच डोकं बाहेर काढलेलं नवं मूळ.

दुपारी वेल्डर डोकावला तेव्हा पंपमामा जमिनीवर बसून होता.

"काय रे मामा, मेलं?"

"नाही. जिवंत आहे का ते बघायला गेलो," पंपमामा म्हणाला. "होतं."

वेल्डरनं त्या दिवशी थट्टा केली नाही. शेजारी बसला, आणि गेला.

तेव्हापासून पंपमामानं न करण्याचं काम शिकायला घेतलं. हे काम कुठल्याही कामाहून अवघड. सकाळचा चहा घेऊन तो त्या खोलीत जायचा, कप खाली ठेवायचा, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. आधी त्याला तिथं काहीच दिसत नसे. हळूहळू दिसू लागलं. उजेड कापडावरून कसा उतरतो, कुठल्या पानावर आधी येतो. मुळं चंदेरी होताना आधी वरची होतात, खालची मागून. ढगाळ दिवसांत हिरवेपणा जास्त टिकतो. त्यानं आजवर पाणी वर चढताना पुष्कळ बघितलं होतं, पण ते त्यानं चढवलेलं. आपण काही न करता ते आपल्या आपण चढतं, पानाच्या टोकापर्यंत जातं, हे तो या वयात बघत होता.

मग भाचीचा फोन आला. उपचार झाले होते, दोन्ही डोळ्यांत होती तेवढी नजर राहिली होती. "येतोय आम्ही पुढच्या आठवड्यात. झाड बघायला," ती हसत म्हणाली. "तयार ठेव, मामा."

"ताईला दे."

ताई फोनवर आली तशी त्यानं सांगून टाकलं. "ताई, झाड मी बुडवलं. गाळात लावलं, भोक बुजवलं, रोज पाणी घातलं. तुला खोटं सांगत होतो."

ताईनं विचारलं, "फुलं?"

"गेली. दांडाही कापला."

"पानं?"

"दोन. दोन्ही दमलेली."

"मग जिवंत आहे हे कशावरून?"

"मुळांचा रंग बदलतो. पाणी घातलं की हिरवी, सुकली की चंदेरी. ताई, ते पितंय. मी नुसता बसून बघतो."

ताईचा आवाज खाली आला होता. "धाकट्या, इथं मला कुणी उठू देत नाही रे. उठले की दोघंही धावतात. पायात चप्पल घालून देतात. मुलगी गुणाची आहे, जावई तर तिच्याहून गुणाचा. पण दिवसभर मी ठेवलेली असते. परवा सुई हातात घेतली, तर ती ओवायची कशी ते बोटांना आठवेना." आणि जरा थांबून म्हणाली, "तूही असाच तांब्या घेऊन माझ्यामागं फिरणार असशील, तर मग लेकीकडेच बरी. येते. बघते."

फोन ठेवला तरी पंपमामा तो कानाला लावून उभा राहिला. खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी पाइप रचून ठेवले होते. ताई आली तर तिला धरायला, पलंगापासून दारापर्यंत, दारापासून न्हाणीघरापर्यंत, सगळ्या भिंतींना कठडा करायचा म्हणून त्यानं आणि वेल्डरनं कापलेले. तो त्या पाइपांकडे बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात दोघी आल्या. भाचीनं त्या मोठ्या पारदर्शक कुंडीतली ती दोन पानं बघितली आणि कपाळाला हात लावला. "मामा! अरे, हे काय? हे सांभाळलं म्हणायचं?"

"नाही," पंपमामा म्हणाला.

ताई खिडकीपाशी स्टुलावर बसली. तोंड फिरवून तिनं झाडाकडे बराच वेळ बघितलं. मग हात पुढं करून पानं चाचपली, वरून, खालून, आणि बोट हळूच बेचक्यापाशी नेलं. "हे काय आहे? टोकदार?"

"हात नको लावू!" पंपमामा ओरडला, आणि ओशाळून म्हणाला, "नवं मूळ आहे. बाजूनं फुटलंय. मी त्याच्याकडे फार बघतसुद्धा नाही."

ताई हसली. भाची म्हणाली, "म्हणजे आता कोण जिंकलं?"

ताईनं तिला उत्तर दिलं नाही. "धाकट्या, मी इथं राहिले तर माझ्यासाठी काय काय करणार आहेस?"

"कठडा करणार होतो. सगळ्या भिंतींना. पाइप कापून ठेवलेत."

"मग लावले का नाहीत?"

"तू आल्यावर विचारू म्हटलं. लागतील का, कुठं लागतील."

कापडातून गाळलेला उजेड फरशीवर पसरला होता. ताई उठून उभी राहिली. भाचीही उठली.

"तू बस," ताई म्हणाली. "आणि तूही, धाकट्या. दोघंही बसा."

ती भिंतीला बोटं लावत निघाली. खिडकीची चौकट, कोपरा, पलंग, दार. दाराबाहेर न्हाणीघरापर्यंत जाऊन परत फिरली. एका कोपऱ्यात काढायची राहून गेलेली मोटर होती, तिच्यावर तिची नडगी आपटली. भाची झेपावली. पंपमामाचे हात मांड्यांखाली होते. ते तिथंच राहिले.

"मेल्या, ही काय मध्ये?" ताईनं नडगी चोळत विचारलं.

"जुनी मोटर."

"उद्या काढ इथून. आणि पाइप एकच लाव, न्हाणीघराच्या दारापाशी. तिथं फरशी गुळगुळीत लागली पायाला. बाकीचे विकून टाक." आणि ती पुढं सरकली, मोटरीला वळसा घालून, पलीकडच्या खोलीतल्या स्वयंपाकाच्या ओट्याकडे.

भाची पुन्हा खाली बसली. "उद्या" तिनंही ऐकलं होतं. ती आईच्या पाठीकडे बघत राहिली, मग पिशवीत हात घालून तिनं औषधाची छोटी बाटली काढली आणि मामाच्या जाड, काळ्या तळहातावर ठेवली.

"डोळ्यांत घालायचे थेंब आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक." तिचा आवाज जरा ओलसर झाला होता, तरी तिनं बोट नाचवलं. "मामा, जास्त नाही घालायचे. सांगून ठेवते."

"सांगितले तेवढेच," पंपमामा म्हणाला.